लग्न चांगलं पार पडलं म्हणजे काय?

(शेवगाव तालुक्यातील महिला मंडळे व बचत गटांच्या एक दिवसाच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

सकाळी वकीलताईंनी कायदा सांगितला. आता जेवणं झालीत, डोळे जड झालेत, आणि नेमक्या अशा वेळी मला उभं केलंय. म्हणून मी खेळाबद्दल बोलणार आहे. कॉम्प्युटरवरच्या खेळाबद्दल. हसा, हसा. सत्तावन्न वर्षांची बाई चष्मा लावून भाचीच्या कॉम्प्युटरसमोर बसते आणि लग्नं लावते, याला माझ्या घरातलेही हसलेच. गेल्या दिवाळीत मी अशी दोन लग्नं लावली. पहिलं पार फसलं. दुसऱ्याला सुवर्णपदक मिळालं. पण त्या दोन लग्नांमुळे मला माझं स्वतःचं लग्न आठवलं, आणि शेजारच्या एका मुलीच्या लग्नाकडे मी जी पाठ फिरवून बसले होते, ती वळवावी लागली. कशी, ते सांगते.

माझ्या भावाची मुलगी नगरला कॉलेजात शिकते. २०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर झालंय, पण माझ्या जिभेवर अजून नगरच आहे. तिनं एक वापरलेला लॅपटॉप घेतलाय. दिवाळीच्या सुटीत आली तशी त्याच्यात डोकं घालून बसलेली. मी म्हटलं, “काय गं, अभ्यास?” तर म्हणाली, “नाही आत्या, लग्न आहे.”

या खेळाचं नाव ‘द सिम्स’. पडद्यावर माणसं असतात. त्यांना घर बांधून द्यायचं, कामाला लावायचं, चूल पेटवायची, भांडणं, मैत्री, प्रेम, लग्न, पोरंबाळं, म्हातारपण, मरण, सगळं तुम्ही चालवायचं. जिंकणं-हरणं असं काही नसतं. मी पाच मिनिटं बघितलं आणि म्हटलं, ही तर भातुकली! भाची म्हणाली, बरोबर ओळखलंस. अमेरिकेतल्या विल राइट नावाच्या माणसानं हा खेळ काढला, २००० सालच्या फेब्रुवारीत तो बाजारात आला. सुरुवातीला त्याला ‘बाहुलीघर’च म्हणत. तेव्हा त्याच्याच क्षेत्रातले लोक म्हणाले, बाहुलीघर म्हणजे पोरींचा खेळ, हा कोण विकत घेणार? आणि खेळात संडास घासावा लागतो म्हणून त्याची टिंगलही झाली. पुढं मुलीबायकांनी तो असा उचलून धरला की दोन वर्षांत त्यानं कॉम्प्युटरवरच्या खेळांच्या खपाचे विक्रम मोडले. घरकामाला आणि पोरींच्या खेळाला कमी लेखणारे सगळीकडे असतात, हे मला तेव्हा कळलं.

भातुकली म्हटली की मला आमच्या ओसरीवरचं बाहुलाबाहुलीचं लग्न आठवतं. पाथर्डी तालुक्यातलं माझं माहेर. माझी बाहुली चिंध्यांची, मैत्रिणीचा बाहुला लाकडी. तांदळाच्या अक्षता, गूळ-शेंगदाण्याची पंगत, आया-काकू कौतुकानं बघायला आलेल्या. मैत्रीण वरमाय. ती रुसून बसली, मानपान झाला नाही म्हणून. तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं बघितलेलं होतं. तिनं पितळेची वाटी मागितली, मी आईची चोरून दिली. आणि लग्न लागल्यावर बाहुली तिच्या घरी गेली. दुसऱ्या दिवशी मी बाहुली परत मागायला गेले तर सगळ्या म्हणाल्या, “दिली ती दिली.” मी रडले. तेव्हा माझं वय असेल आठ. सांगायचं हे की, लग्नाचा खेळ आपण सगळ्या खेळलोय, आणि त्या खेळाचे नियम आपल्याला कुणी समजावून सांगितले नव्हते. ते आपण खेळता खेळता गिळले.

तर भाची म्हणाली, “आत्या, तूच लाव लग्न.” नवरीचं नाव आम्ही ठेवलं राणी.

या खेळात लग्नाचा समारंभ ठरवायचा तर आधी यादी येते. नवरा-नवरी कोण, पाहुणे कोण, जागा कोणती, स्वयंपाकाला माणूस लावायचा का, हे सगळं भरायचं. मग ठरलेला वेळ सुरू होतो आणि एकेक काम पुरं करत जायचं. फुलांच्या कमानीखाली लग्न लावायचं, केक कापायचा, पाहुण्यांना खाऊ-पिऊ घालायचं. कामं जितकी पुरी होतील त्यावर शेवटी पदक मिळतं. कांस्य, रौप्य नाहीतर सुवर्ण. काहीच जमलं नाही तर समारंभ फसला असं खेळच सांगतो.

मी काय केलं असेल? नगर जिल्ह्यातली बाई जे करेल तेच केलं. जितकी माणसं बोलावता येतात तितकी बोलावली. राणीची ओळख नसलेलीसुद्धा. होता नव्हता तो पैसा कमानीला, फुलांना, खुर्च्यांना आणि केकला लावला. मांडव असा दणदणीत की आपल्या लॉन्सवाल्यानंही बघत राहावं. घरात संडास एक. ते माझ्या लक्षातही आलं नाही.

आता या खेळात प्रत्येक माणसाच्या सहा गरजा पडद्यावर दिसतात. भूक, झोप, लघवी, अंघोळ, करमणूक आणि माणसांची सोबत. प्रत्येकीची एक पट्टी. भरलेली असली की हिरवी, रिकामी होत गेली की पिवळी, मग लाल. राणी सकाळपासून पाहुण्यांपुढे उभी. भाची म्हणाली, “आत्या, राणीची लघवीची पट्टी लाल झाली.” मी म्हटलं, “लग्न लागू दे गं आधी, मग जाईल.” आणि त्या कमानीखाली, सगळ्यांसमोर, लग्नाच्या पांढऱ्या कपड्यात, राणीला उभ्या उभ्या लघवी झाली. पाहुणे तोंडं फिरवायला लागले. उपाशी होतीच, रडायला लागली. वेळ संपली. लग्न फसलं.

भाची पोट धरून हसत होती. मला हसू येईना.

१९८३ साल. मी दहावीला. पंधरा वर्षांची. मुलीचं वय अठरा हवं हा कायदा १९७८ सालीच झाला होता, पण आमच्या गावापर्यंत तो पायी येत असावा. माझ्या लग्नाच्या दिवशी पहाटे चारला मला उठवलं. हळद, अंघोळ, शालू, मुंडावळ्या. आईनं कानात सांगितलं, “पाणी पिऊ नको, मग लागली तर कुठं जाशील?” मे महिना. मी पाणी प्याले नाही. लग्न गोरज मुहूर्तावर. पंगत उठायला रात्रीचे दहा वाजले. संडास नव्हताच, अंधार पडल्यावर दोघीजणी मला आडोशाला घेऊन गेल्या, शालू वर धरून. त्या दिवसानंतर मला जी लघवीच्या जळजळीची दुखणी लागली ती पहिल्या बाळंतपणापर्यंत पुरली. आणि त्या लग्नाबद्दल आमच्या गावात अजून काय सांगतात माहीत आहे? “काय लग्न झालं होतं! बुंदी तर कमी पडलीच नाही!” लग्न चांगलं पार पडलं. बुंदी पुरली. नवरीची कुठलीच पट्टी कुणाला दिसत नव्हती.

मैत्रिणींनो, इथं बसलेल्या किती जणी आपल्या लग्नाच्या दिवशी पाणी प्यायल्या नव्हत्या? हात वर करा. बघा. शेजारी बघा एकमेकींच्या.

दुसऱ्या दिवशी भाचीनं मला शिकवलं. म्हणाली, आत्या, यात मांडव शेवटी येतो. आधी राणीला कोण आवडतं ते बघ. तर आधी ओळख, मग बोलणं, मग प्रेमाची पट्टी. राणीनंच त्या मुलाला मागणी घातली. या खेळात मागणी कुणीही घालू शकतं. आणि तो ‘नाही’ म्हणाला! मी चिडले. भाची म्हणाली, “पट्टी भरली नव्हती ना. घाई केलीस.” मग आम्ही दोन संध्याकाळी त्या दोघांना नुसतं गप्पा मारत ठेवलं. तिसऱ्या दिवशी तो हो म्हणाला. लग्नाच्या दिवशी राणीला झोपू दिलं, पोटभर खाऊ घातलं, अंघोळ घातली. संडास दोन बांधले, त्यासाठी फुलं कमी केली. पाहुणे मोजकेच, राणीच्या ओळखीचे. स्वयंपाक आदल्या रात्री. कमानीखाली गेली तेव्हा तिच्या सहाच्या सहा पट्ट्या हिरव्या. सुवर्णपदक.

लग्नानंतर खेळ विचारतो: कुणी कुणाच्या घरी राहायला जायचं? राणीनं त्याच्याकडे, त्यानं राणीकडे, की तिसऱ्याच घरात? तोवर आमच्या ओसरीवर पाच-सहा बायका जमल्या होत्या. हा प्रश्न भाचीनं वाचून दाखवला तशा सगळ्या गप्प झाल्या. आम्हाला हा प्रश्न आयुष्यात कुणी विचारलाच नव्हता. मग कोपऱ्यातल्या एक आजी म्हणाल्या, “त्यालाच आणा की इकडं. पोरीचं घर बांधलंय एवढं चांगलं.” केवढ्या हसल्या सगळ्या!

आता त्या मुलीबद्दल. तिचं नाव सांगणार नाही. आमच्या मागच्या वस्तीवरची. नववीत. आई-बाप ऊसतोडीला जाणारे. ती रोज संध्याकाळी खेळ बघायला यायची, दाराशी उभी राहायची. एक दिवस म्हणाली, “ताई, मला माझी करून द्या ना.” भाचीनं तिची बाहुली करायला दिली. तिनं दोन वेण्या घातल्या. वय विचारल्यावर किशोरवयीन निवडलं. मग एक मुलगा केला, चांगला मोठा, मिशावाला. दोघांना समोर उभं केलं. काय काय बोलता येईल याची यादी आली. नमस्कार, विनोद, मैत्री. ती यादी खालीवर करत राहिली. मला म्हणाली, “मावशी, माझ्या बाईला लग्नाचं येतच नाही. बिघडलंय का?”

भाची म्हणाली, “बिघडलं नाही. ती लहान आहे अजून. मोठी झाल्याशिवाय येणारच नाही.”

“तिच्या बापानं म्हटलं तरी?”

“बापाला ते बटणच नाही.”

पोरगी बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “माझी सुपारी फुटलीय. तुळशीचं लग्न झालं की चौथ्या दिवशी.”

खरं सांगते, मला ते माहीत होतं. कानावर आलं होतं. मी इतकी वर्षं शिबिरं घेते, घोषणा देते, पण घराला घर लागून असलं की जीभ टाळ्याला चिकटते. मी मनात म्हणत होते, बघू, दिवाळी जाऊ दे. वस्तीवरच्या लोकांशी पाण्यापासून वाटेपर्यंत रोजचा संबंध. वाईटपणा कोण घेणार? कॉम्प्युटरच्या खेळानं जे धरून ठेवलं ते मी धरून ठेवलं नव्हतं.

मी तिच्या बापाशी बोलायला गेले. माणूस वाईट नाही. त्यानं मला बसायला घोंगडं टाकलं. म्हणाला, “ताई, कोयता लागतोय.” शहरातल्या मैत्रिणींसाठी सांगते. ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती जोडीला देतो. एकट्या पुरुषाला ती मिळत नाही. त्यानं तोडायचं, तिनं मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहायच्या. पाथर्डी, शेवगाव, जामखेड, पलीकडचा बीड, इथून दिवाळीनंतर अशा जोड्या निघतात. मुलगा वयात आला की त्याचा कोयता व्हावा म्हणून सून हवी. मुलगी मागं वस्तीवर एकटी ठेवायची भीती म्हणून ती उजवायची. दोन्ही घरांची गरज एका मांडवात भागते. आपल्याच जिल्ह्यात प्रवरेच्या काठी १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याचा आपण अभिमान सांगतो आणि सांगावाच. पण साखरेच्या त्या गोडीखाली किती नवऱ्यांचं वय दडलंय, हेही आपणच सांगायला हवं.

भाचीनं मला खेळातली एक चोरवाट दाखवली होती. एक शब्द टाइप करायचा की घरात पन्नास हजार येतात. पुन्हा टाइप केला, पुन्हा पन्नास हजार. मी त्या बापाकडे बघत होते आणि तो शब्द मला आठवत होता. त्याच्याकडे पैसा आणणारा शब्द एकच, मुलीचं लग्न. म्हणून मी त्या खेळाचं कौतुक करताना हेही सांगते की त्यात उचल नाही, मुकादम नाही, वसुली नाही. राणीच्या ‘नाही’ला तिथं काही किंमत मोजावी लागत नाही. आमच्या पोरींना मोजावी लागते. त्यामुळे नुसतं “मुलगी अठराची होऊ द्या” म्हणून आपली सुटका नाही. हंगामात मुलीला सुरक्षित राहायला जागा, शाळा आणि जेवण मिळालं तरच बापाला ‘थांब’ म्हणायचा आपल्याला हक्क आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी २०२१ साली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आली. आपल्या तालुक्यात किती मुली तिथं पोचल्या, हे प्रत्येक गटानं जाऊन विचारायचं आहे.

बोलणी चालू असताना मुलाचे मामा आले. ते म्हणाले, “आपल्या जिल्ह्याला जिचं नाव दिलं त्या अहिल्याबाईंचं लग्न कितव्या वर्षी झालं? काय बिघडलं?” हा प्रश्न तुम्हालाही विचारला जाईल, म्हणून उत्तर तयार ठेवा. जामखेड तालुक्यातल्या चौंडीला १७२५ साली अहिल्याबाई जन्मल्या, आठव्या वर्षी होळकरांच्या घरात गेल्या, हे खरं. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात नवरा पडला आणि त्या विधवा झाल्या, हेही खरं. सासऱ्यांनी त्यांना सती जाऊ दिलं नाही, हिशेब आणि राज्यकारभार त्यांच्या हाती दिला. त्या मोठ्या झाल्या त्या मिळालेल्या शिक्षणानं आणि हाती आलेल्या अधिकारानं. लहानपणीच्या लग्नानं जर बाई अहिल्याबाई झाली असती, तर या जिल्ह्यात घरोघरी अहिल्याबाई दिसल्या असत्या. मामांना मी एवढंच विचारलं, “मल्हाररावांसारखा कारभार सुनेच्या हाती द्याल का?” ते उठून गेले.

शेवटी फोन त्या मुलीनंच केला. माझ्या फोनवरून, १०९८. मी शेजारी बसले होते, माझा हात थरथरत होता, तिचा नाही. दुसऱ्या दिवशी ग्रामसेवक, अंगणवाडीताई आणि पोलीस आले. खेड्यात बालविवाह रोखायची जबाबदारी ग्रामसेवकाची असते, हे सकाळी ऐकलंतच. २००६ च्या कायद्यानं लग्न लावणारे, ठरवणारे, हजर राहणारे, सगळ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. बाईला मात्र कैद होत नाही. आणि लागलंच असं लग्न, तर मुलीला अठरा पूर्ण झाल्यावर दोन वर्षांच्या आत ते रद्द करून मागता येतं. तिच्या आई-बापांनी हमीपत्र लिहून दिलं. लग्न थांबलं. ती वसतिगृहात आहे.

हे ऐकून तुम्ही टाळ्या वाजवू नका. माझ्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मागच्या वस्तीवरची एकही बाई आली नाही. त्या मुलीची आई मला रस्त्यात दिसली की पदर ओढून घेते. आणि मुलगी अठराची व्हायला अजून तीन हंगाम आहेत. आम्ही मांडव पुढं ढकललाय, मोडलेला नाही. त्या तीन वर्षांत आपण काय करतो त्यावर पदक ठरणार आहे.

खेळाबद्दल आणखी दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, त्या खेळात जात विचारत नाहीत. आपल्या जिल्ह्यात २०१३ साली नेवासा तालुक्यातल्या सोनईला प्रेमाच्या संशयावरून तीन दलित तरुण मारले गेले. २०१४ साली जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला एक शाळकरी दलित मुलगा मारला गेला, का, तर वरच्या जातीतल्या मुलीशी बोलला म्हणून. खर्ड्याच्या खटल्यात साक्षीदार फिरले आणि २०१७ साली आरोपी निर्दोष सुटले. आपण मुलीच्या संमतीबद्दल बोलतो, तेव्हा ‘नाही’ म्हणायच्या हक्काबरोबर ‘हो’ म्हणायचा हक्कही येतो, आणि तिनं ज्याला हो म्हटलं तो जिवंत राहिला पाहिजे हेही येतं. हे अवघड आहे, आपल्यातल्या कित्येकींच्या घरात यावर भांडण होईल, पण ते टाळून पुढं जाता येणार नाही.

दोन, २०२२ साली या खेळाचा लग्नाचा खास भाग आला तेव्हा त्याच्या जाहिरातीत दोघी नवऱ्या होत्या. रशियातल्या कायद्यामुळे तिथं तो भाग विकायचा नाही असं कंपनीनं ठरवलं, खेळणाऱ्यांनी आवाज उठवला आणि तो आहे तसाच तिथं विकायचं ठरलं. आपल्याकडे १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अशा लग्नाला कायद्याची मान्यता द्यायला नकार दिला. ते काम संसदेचं, असं म्हटलं. लग्न कुणाचं होऊ शकतं हे ठरवणारे नेहमी लग्न करणाऱ्यांपेक्षा वेगळेच असतात, मग तो बाप असो, जात असो की सरकार.

कुणी म्हणेल, हे सगळं परदेशातलं खूळ. नाही मैत्रिणींनो. डिसेंबर १८७३ मध्ये पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुढाकारानं पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. भटजी नाही, हुंडा नाही, मानपान नाही. जोतीरावांनी लिहिलेल्या मंगलाष्टकांत वधू तोंड उघडून बायकांच्या हक्कांबद्दल बोलते आणि वर तिला ते हक्क देण्याची शपथ घेतो. नवरीचं म्हणणं मांडवात ऐकू आलं पाहिजे, हे दीडशे वर्षांपूर्वी आपल्याच भाषेत सांगून झालंय. आपणच पुढं डीजे लावून ते बुडवलं.

तर आता तुमच्या गटांसाठी काम. खेळात लग्नाला जशी कामांची यादी असते तशी आपली यादी करू. पुढच्या सहा महिन्यांत गावातल्या ज्या ज्या लग्नाला जाल तिथं घरी आल्यावर वहीत लिहा. बुंदी कशी झाली ते लिहू नका. हे लिहा:

नवरीचं वय किती, आणि कागद कुणी बघितला? तिला एकटीला, आई-बाप समोर नसताना, कुणी विचारलं का? तिनं आधी कुणाला नाही म्हटलं होतं का, आणि ते ऐकलं गेलं का? लग्नासाठी कुणी उचल किंवा कर्ज घेतलं, आणि ते कोण फेडणार? मांडवात बायकांसाठी संडास होता का? नवरी किती वाजता जेवली? तिनं पाणी प्यालं का? लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत झाली का? आणि वर्षानं ती कुठं आहे, कशी आहे?

यातला संडासाचा आणि पाण्याचा प्रश्न तुम्हाला किरकोळ वाटेल. पण तिथूनच सुरुवात करा, कारण तो विचारल्यावर कुणी भांडायला येत नाही. “नवरीला पाणी दिलं का?” असं मांडवात मोठ्यानं विचारा. विचारणाऱ्या बाईकडे सगळे बघतात. मग नवरीकडे बघतात. सकाळपासून पहिल्यांदाच.

वसतिगृहातल्या त्या मुलीला मी मागच्या महिन्यात भेटून आले. म्हणाली, “मावशी, माझी बाहुली आहे का अजून त्या लॅपटॉपात?” मी भाचीला विचारलं. आहे. दोन वेण्यांची. शाळेत जाते. तिच्या सगळ्या पट्ट्या हिरव्या ठेवायचं काम भाचीनं घेतलंय. पडद्याबाहेरचीचं काम आपलं आहे.

जिंदाबाद.